दात नसलेलं यंत्र

करवतीला सगळे घाबरतात. दात दिसतात, आवाज अंगावर येतो, त्यामुळे हात आपोआप सांभाळून पुढे जातो. बेल्ट-डिस्क सँडरचं तसं नाही. एका बाजूला पॉलिश पेपरचा फिरता पट्टा, दुसऱ्या बाजूला पॉलिश पेपर चिकटवलेली फिरती तबकडी, एवढाच त्याचा संसार. नवीन बाईला वाटतं, कागदच तर आहे, तो काय करणार? बेसावधपणा सुरू होतो तो इथेच.

सिंधुदुर्गात आमची लाकडी खेळण्यांची छोटी शेड आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत मिळणारी बरीचशी खेळणी लेथवर कातलेली असतात. आमच्या चाकांच्या गाड्या, ठोकळे आणि कोडी सपाट फळीतून कापलेली. त्यामुळे आमचं निम्मं काम या सँडरवर चालतं. बचत गटातल्या बायका मशीन शिकायला येतात, तेव्हा जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, ते इथे क्रमाने मांडते आहे. मशीन तेच, जे छोट्या वर्कशॉपमध्ये टेबलावर बसवलेलं दिसतं: १०० × ९१४ मिलिमीटरचा पट्टा, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत चार बाय छत्तीस, आणि १५० मिलिमीटरची, म्हणजे सहा इंची डिस्क.

१. शेवटचा मिलिमीटर सँडरचा, बाकी सगळं करवतीचं

मापाची रेघ मारली की तिच्या बाहेरून, साधारण एक मिलिमीटर लाकूड राखून करवतीने कापायचं. तेवढाच मिलिमीटर सँडरने खायचा. पेन्सिलीची रेघ अर्धी गेली आणि अर्धी दिसते आहे, तिथे थांबायचं. पाच-सहा मिलिमीटर लाकूड उरलं असेल तर परत करवतीकडे जायचं, मग कितीही कंटाळा येवो.

हा नियम पहिला, कारण पुढचे बहुतेक त्रास तो मोडल्यामुळे होतात. जास्त लाकूड काढायचं म्हणून माणूस जोर लावतो. जोर लावला की लाकूड तापतं, काळं पडतं, पट्टा भरतो, मोटर दमते, धूळ दुप्पट उडते आणि घामेजलेला हात कधीतरी घसरतो. सँडर हे सफाईचं यंत्र आहे. तुकडे पाडायचं काम त्याच्याकडे दिलं की ते काम बिघडवतं आणि माणसालाही इजा करतं.

२. मशीन टेबलाला जखडा, टेबल जमिनीवर ठाम ठेवा

मशीनच्या पायांना भोकं असतात ती शोभेची नव्हेत. वजन आहे म्हणून ते जागचं हलणार नाही, असं समजू नये. लांब फळी पट्ट्यावर टेकवली की सगळं मशीन त्या दिशेला सरकू पाहतं. आम्ही जाड प्लायचा पाट करून मशीन त्याला नट-बोल्टने कसलं आहे आणि पाट टेबलाला. मध्ये रबराचे तुकडे आहेत, त्याने थरथर कमी होते. रबर काही दिवसांत दबतं, म्हणून बोल्टवर पुन्हा एकदा पान्हा फिरवायचा.

डिस्कपुढचं छोटं टेबल उभ्या माणसाच्या कोपराच्या किंचित खाली यावं. त्याहून खाली असेल तर माणूस वाकतो आणि तोंड धुळीत जातं. वर असेल तर खांदे उचलून काम करावं लागतं आणि हातावरचा ताबा जातो. आमच्यातल्या बुटक्या बायकांसाठी खाली फळ्यांचा पक्का चौथरा आहे. डुगडुगणारं स्टूल किंवा उपडा क्रेट चालणार नाही. उजेड बाजूने यावा. मागून आला तर आपलीच सावली नेमकी रेघेवर पडते.

३. वीज जाते तशी येतेही, याची सोय करा

आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. मशीन चालू असताना वीज गेली, सगळ्या गप्पा मारत बाहेर आल्या, बटण तसंच राहिलं. वीज परतली की रिकाम्या शेडमध्ये मशीन आपणहून फिरायला लागतं. आणि त्या वेळी कुणी परत येऊन पट्टा बदलायला हात घातलेला असेल तर पुढचं सांगायला नको. यावर उपाय म्हणजे नो-व्होल्ट स्विच. वीज गेली की तो पडतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. स्वस्त मशीनवर साधं टॉगल बटण असतं. ते बदलून घ्यायला वायरमनला फार वेळ लागत नाही.

बाकीचं थोडक्यात. तीन पिनांचा प्लग आणि खरोखर चालू असलेलं अर्थिंग हवं. तिसरी पिन काढून टाकणारा माणूस शेडमध्ये नको. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. बारीक वायरचं लांबलचक एक्स्टेंशन लावलं की व्होल्टेज उतरतं, मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही. अशी गुणगुण ऐकू आली तर लगेच बंद करायचं, कारण मिनिटभरातसुद्धा वाइंडिंग जळू शकतं. अमेरिकेतून नातेवाइकांनी मशीन पाठवलं तर हौसेने लावू नये. ट्रान्सफॉर्मरने ११० व्होल्ट मिळतील, पण तिथली मोटर ६० हर्ट्झची आणि आपली वीज ५० हर्ट्झची. मोटर सावकाश फिरते आणि तापते.

४. पट्टा चढवताना घाई नको

आधी प्लग भिंतीतून बाहेर काढायचा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. प्लग काढून तो मशीनच्या टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवायचा, ही आमची रीत आहे.

मग पट्टा उलटा करून आतली बाजू बघायची. तिथे बाण असतो. मशीनवरच्या बाणाशी तो जुळवायचा. जुन्या पद्धतीच्या सांध्यात एक टोक दुसऱ्यावर चढवलेलं असतं आणि उलट्या दिशेने फिरवला तर लाकडाची कड त्या सांध्यात अडकून तो उकलतो. काही नव्या पट्ट्यांचा सांधा टेपने जोडलेला असतो, ते दोन्हीकडून चालतात. त्यांवर बाण नसतो किंवा दोन्ही दिशांचा असतो. बाण बघतानाच दोन्ही कडांवरून बोट फिरवायचं. कडेला चीर दिसली की पट्टा बाद. पट्टा फाटतो तो कडेपासूनच.

ताण द्यायचा खटका सोडायचा, पट्टा दोन्ही रोलरांच्या मधोमध बसवायचा आणि खटका परत लावायचा. आता हाताने पट्टा चार-सहा फेरे फिरवायचा. एखाद्या बाजूला सरकतो आहे असं दिसलं की ट्रॅकिंगचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा हाताने फिरवून बघायचं. तो स्थिर झाला की प्लग लावायचा, बाजूला उभं राहून बटण चालू करून लगेच बंद करायचं आणि रेंगाळत थांबणारा पट्टा बघायचा. ठीक असेल तर मिनिटभर रिकामा चालवायचा. स्क्रू एकदम पूर्ण फेरा फिरवला की पट्टा दुसऱ्या टोकाला धावतो, पत्र्याला घासतो आणि कडेने विरतो. पाव फेरा आणि थोडी वाट बघणं, एवढंच या कामातलं कसब आहे. पट्टा आडव्याचा उभा केला की हे सगळं पुन्हा तपासायचं.

५. डिस्क, फट आणि गुण्या

डिस्कचा कागद मागून चिकट असतो. जुना कागद काढला की तबकडीवर गोंदाचे कण राहतात, ते टर्पेंटाइनने पुसून काढायचे आणि तबकडी पूर्ण कोरडी होऊ द्यायची. एक कण राहिला तरी तिथे कागदाला उंचवटा येतो आणि प्रत्येक फेऱ्याला लाकडाला ठोका बसतो. कागद तबकडीच्या बाहेर डोकावता कामा नये. जुना कागद निघत नसेल तर केस वाळवायच्या ड्रायरने गरम करून बघा, सोलून येतो.

टेबलाची कड आणि डिस्क यांच्यामध्ये दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. हल्लीचं एक रुपयाचं नाणं साधारण तेवढंच जाड असतं. प्लग काढून ते फटीत घालून बघायचं. नाणं सैल पडलं तर टेबल पुढे सरकवायचं. फट रुंद राहिली की पातळ पट्टी, किंवा बोटाचं टोक, त्यात ओढलं जातं. पट्ट्यावरच्या अडणीला, म्हणजे लाकूड टेकवायच्या पट्टीला, हाच हिशेब. टेबल तिरकं केलं की फट बदलते, हे लक्षात ठेवायचं.

काटकोनासाठी मशीनवरच्या आकड्यांवर विसंबू नये. गुण्याची जाड बाजू टेबलावर आणि पातं डिस्कला लावून मागून उजेड दिसतो का बघायचं. त्याहून पक्की परीक्षा: एका ठोकळ्याची कड डिस्कवर घासायची, त्याचे दोन तुकडे करायचे, एक तुकडा उलटा करून घासलेल्या कडा एकमेकींना भिडवायच्या. मध्ये फट दिसली तर टेबलात जेवढी चूक आहे त्याच्या दुप्पट ती फट असते, त्यामुळे डोळ्यांना लगेच कळते.

६. डिस्कची उतरती बाजूच आपली

बहुतेक मशीनची डिस्क समोरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. म्हणजे डावा अर्धा भाग खाली उतरतो आणि उजवा वर चढतो. लाकूड डाव्या, उतरत्या भागावरच लावायचं. तिथे डिस्क लाकडाला टेबलावर दाबून धरते आणि धूळ खाली जाते. उजव्या भागावर लावलं तर डिस्क लाकूड उचलते आणि भुसा थेट तोंडावर फेकते. आपल्या मशीनची दिशा मात्र स्वतः खात्री करून ठरवायची.

डिस्कच्या मध्यावर वेग शून्य असतो आणि कडेला सर्वांत जास्त. मोटरवरच्या पाटीवर मिनिटाला १४४० फेरे लिहिले असतील तर सहा इंची डिस्कच्या कडेचा वेग ताशी ४० किलोमीटर होतो. २८५० फेऱ्यांची मोटर असेल तर ताशी ८०. कागद म्हणून ज्याला कुणी भीत नाही, तो या वेगाने बोटाजवळून जात असतो. लाकूड एका जागी दाबून धरलं तर कडेजवळ जास्त खाल्लं जातं आणि मध्याकडे कमी. म्हणून ते सतत डावी-उजवीकडे सरकतं ठेवायचं, पण मध्याची सीमा ओलांडायची नाही. सहा इंची डिस्कवर वापरायला फार तर ७० मिलिमीटर जागा मिळते. त्याहून रुंद कड असेल तर ती पट्ट्यावर घ्यायची.

बाहेर फुगलेले गोल डिस्कवर होतात. आत वळलेली वळणं पट्ट्याच्या टोकाला, रोलरच्या गोलाईवर करायची.

७. चार बोटांहून लहान तुकडा बोटांत धरायचा नाही

हा नियम आमच्या शेडमध्ये भिंतीवर रंगवलेला आहे. चार बोटांच्या रुंदीहून लहान तुकडा हातात धरला की नखं आणि कागद यांच्यात अंतर उरत नाही. सँडरची जखम चाकूसारखी सरळ नसते. कातडं खरवडलं जातं आणि त्यात लाकडाची भुकटी भरते, म्हणून ती भरून यायला वेळ लागतो. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवायची, स्वच्छ कापड दाबून धरायचं आणि डॉक्टरकडे जायचं. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारायचं. हळद किंवा चहापावडर भरायची नाही.

लहान तुकड्यांसाठी दोन सोयी आहेत. एक, मोठ्या ठोकळ्याला दोन्हीकडून चिकटणारी टेप लावून त्यावर तुकडा बसवायचा आणि ठोकळा हातात धरायचा. दुसरी सोय म्हणजे जिग.

चाकांसाठी आमचा जिग असा आहे. १२ मिलिमीटर प्लायचा हातभर रुंद तुकडा. त्याच्या खाली एक लाकडी पट्टी स्क्रूने बसवलेली, जी सँडरच्या टेबलातल्या खाचेत नीट सरकते. प्लायवर, डिस्कपासून बरोबर २५ मिलिमीटरवर येईल अशी लोखंडी खुंटी. शिवणीच्या फळीतून चाकं करवतीने ढोबळ गोल कापून घ्यायची, मधोमध खुंटीच्या मापाचं भोक पाडायचं आणि चाक खुंटीवर बसवायचं. मशीन सुरू करून प्लाय हळूहळू पुढे सरकवायची. टेबलावर बसवलेल्या अडणीला टेकली की शिकंज्याने आवळायची आणि चाक डिस्कपासून लांबच्या कडेने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवायचं. ५० मिलिमीटरचं चाक तयार. दुसरं, तिसरं, शंभरावं, सगळी एका मापाची, आणि बोटं डिस्कपासून लांब.

आमचं चाक ५० मिलिमीटरच्या खाली जात नाही, यालाही कारण आहे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांसाठी मानकांची सक्ती आली. आयएस ९८७३ या मानकात लहान मुलाच्या घशात अडकू शकणारे तुकडे ओळखायला ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तीत मावेल असा तुकडा तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात चालत नाही. धारदार कडाही चालत नाहीत, म्हणून शेवटी प्रत्येक कड पट्ट्यावर हलकेच मारून घ्यायची.

८. लाकूड पट्ट्यावर टेकवा, दाबू नका

पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. ढोबळ कामाला ८०, सपाटीला १२०, सफाईला १८० आणि त्यापुढचं हाताने २२० ने. ८० वरून एकदम १८० वर उडी मारली तर ८० चे ओरखडे जात नाहीत आणि रंग लावल्यावर उठून दिसतात. लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासायचं. रेषांची टोकं जिथे उघडी असतात ती बाजू सर्वांत लवकर जळते. तिथे तर नुसता स्पर्श पुरे.

पट्टा काळपट आणि चकचकीत दिसायला लागला की तो भरला असं समजायचं. राळ असलेलं पॅकिंगचं पाइन हे हमखास करतं. क्रेप रबराची कांडी चालत्या पट्ट्यावर धरली की भुकटी रबराला चिकटून निघते. कांडी मिळाली नाही तर जुन्या क्रेप सोलच्या चपलेचा मोठा तुकडा तेच काम करतो. तरीही लाकूड सरकत नसेल, जोर लावावासा वाटत असेल, तर पट्ट्याची धार गेली आहे. सागवानात वाळूसारखा सिलिका असतो, त्यामुळे त्यावर पट्टा इतर लाकडांपेक्षा लवकर बोथट होतो. बोथट पट्टा वापरत राहणं ही काटकसर नव्हे.

९. पदर, बांगड्या, गंडा, राखी

फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालायचे नाहीत. मोजा पकडला गेला की आतला हातही जातो. साडीचा पदर खोचून त्यावर मागे बांधायचा एप्रन, ओढणी काढून खुंटीला, केस बांधून टोपीत, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, काचेच्या बांगड्या डब्यात. अंगठी आणि घड्याळही काढायचं.

खरी अडचण श्रावणात येते. राखीपौर्णिमेनंतर कामावर येणाऱ्या पोरांच्या मनगटावर राखी असते, आणि ती काढायची नसते. गंड्याचंही तेच. इथे वाद घालत बसण्यात अर्थ नाही. आम्ही मनगटावरून घट्ट लवचीक पट्टा चढवायला देतो, दोरा पूर्ण आत. ज्यांना तेही नको त्यांनी त्या दिवशी रंगकाम करायचं. श्रद्धा आपल्या जागी आहे. मशीनपुढे दोरा मोकळा नको, एवढंच आमचं म्हणणं.

डोळ्यांना बाजूनेही झाकणारा गॉगल हवा, नंबरचा चष्मा पुरत नाही. सलग काम असेल तर कानांवर मफ.

१०. जी धूळ दिसत नाही ती जास्त वाईट

जमिनीवर पडलेला भुसा केरसुणीने जातो. त्रास देते ती हवेत तरंगणारी बारीक भुकटी. संध्याकाळी शेडच्या वाशांवर गिरणीतल्या पिठागत जो थर दिसतो, तो दिवसभर आपल्या श्वासात होता. फणसाचं लाकूड घासलं की ती भुकटी पिवळी असते, म्हणून निदान दिसते. बाकीच्या लाकडांची दिसतही नाही. सागवान आणि शिसमाने कुणाकुणाच्या हातांना, मानेला खाज सुटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. नाक आणि त्याभोवतालच्या पोकळ्यांचा कर्करोग हा त्यातला मुख्य धोका. एमडीएफच्या धुळीत लाकडाबरोबर फॉर्माल्डिहाइडचा डिंकही असतो.

नाकाला रुमाल बांधून ही भुकटी थांबत नाही. नाकाशी घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. त्याच्याही आधी धूळ उगमापाशीच ओढून घेतली पाहिजे: सँडरच्या मागच्या तोंडाला व्हॅक्यूमचा पाइप जोडायचा आणि मशीनच्या आधी तो सुरू करायचा. मशीन थांबल्यावर मास्क लगेच उतरवायचा नाही. भुकटी बराच वेळ हवेत असते. कपड्यांवरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, ती पुन्हा श्वासातच येते. पावसाळ्यात झड आत येते म्हणून खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, तेव्हा तर व्हॅक्यूमशिवाय मशीन सुरूच करायचं नाही.

११. लाकडाच्या मशीनवर लोखंड नाही

दर भातकापणीच्या तोंडाला शेजारचे आबा कोयता घेऊन दारात उभे राहतात. "जरा ह्या कोयत्याक धार लावून दी." नाही म्हणायला जड जातं, पण म्हणावंच लागतं.

कोयता पट्ट्याला लावला की ठिणग्या उडतात. त्याच ठिणग्या व्हॅक्यूमच्या पाइपातून लाकडाच्या भुकटीने भरलेल्या पिशवीत जातात. आग लगेच दिसत नाही. ठिणगी भुशात धुमसत राहते आणि शेड बंद करून सगळे घरी गेल्यावर पेट घेते. त्यात ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेली असेल तर आग आणखी भयंकर. लोखंडाला वेगळा ग्राइंडर ठेवावा. सँडर एकच असेल आणि धातू लावणं अगदीच भाग असेल तर आधी मशीन, पाइप आणि पिशवी झाडून पूर्ण रिकामी करायची, पिशवी जोडायचीच नाही आणि पट्टाही वेगळा चढवायचा. आबांच्या कोयत्यासाठी आमच्याकडे पाण्याचा दगड आहे. तोच देते, धारही चांगली येते.

लाकडाच्या भुशाची पिशवीही रोज संध्याकाळी शेडच्या बाहेर रिकामी करायची.

१२. बंद केल्यावरही मशीन फिरतं

बटण दाबल्यावर डिस्क लगेच थांबत नाही. आवाज गेला तरी ती फिरत असते आणि याच वेळी लोक टेबलावरचा तुकडा उचलायला हात घालतात. पूर्ण थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही. लाकडाचा तुकडा दाबून तिला थांबवायचंही नाही.

मशीनवर असलेल्या बाईला मागून हाक मारायची नाही, खांद्यावर हात ठेवायचा नाही. समोर, तिच्या नजरेच्या टप्प्यात जाऊन उभं राहायचं आणि तिने मान वर करेपर्यंत थांबायचं. शेडमध्ये पोरंबाळं येतात म्हणून जाताना प्लग काढून कपाटात कुलूपबंद करायचा.

पावसाळ्यासाठी शेवटची सूचना. पट्टे खिळ्याला टांगले की तिथे घडी पडते आणि दमट हवेत सांध्याचा गोंद सैल होतो. ते जाड पाइपावर टांगून कोरड्या कपाटात ठेवावेत. गणपतीनंतर बाहेर काढलेला पट्टा चढवण्याआधी सांधा दोन्ही हातांनी ताणून बघावा.

हे मशीन घ्यायचा विचार करत असाल तर किमतीत चार गोष्टी आधीच धरा: नो-व्होल्ट स्विच, व्हॅक्यूम, एन-९५ मास्कचं पाकीट आणि डोळ्यांचा गॉगल. एवढं मिळून पैसे पुरत नसतील तर मशीन पुढच्या वर्षी घ्या. तोवर लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हाताने घासा. वेळ जास्त लागेल, पण खेळणं तितकंच गुळगुळीत होईल.